मार्थाबाईंचं अस्वल

पहिल्या भेटीत मार्थाबाईंनी माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारली, माझ्या पोटाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि आनंदाने ओरडल्या, "अस्वल गावला!"

मी शहापूरला शाळेत मराठी शिकवतो आणि स्वतःच्या मते लेखकही आहे. बाई अमेरिकेच्या. जन्मभर मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढलेल्या. सत्तरीनंतर त्या खर्डीजवळच्या पाड्यावर बकऱ्या राखणाऱ्या जनाबाईच्या पडवीत राहायला आल्या. मध गोळा करणारी मुलगी आणि अस्वल ही गोष्ट माझी, चित्रं त्यांची. गोष्टीत एक राजाही होता. माझा चेहरा त्याला शोभेल, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्यांना अस्वल काढता यावं म्हणून दोन दुपारी अंगणात हातापायांवर ओणवा राहिलो.

"सर, जरा गुरगुरा तरी," जनाबाई म्हणाली. "नाय तर ढेकर अडकल्यागत दिसतंय."

जनाबाई बकऱ्यांशी बोले ते ऐकून बाई मराठी शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या लेखी सगळेच 'तू'. "हे चित्रात हाय रे, तू परत कशाला सांगतो?" म्हणत त्या मी वाचून दाखवलेल्या ओळी खोडायला लावत. राजा तर अख्खाच गेला.

एका सकाळी मुलीचा चेहरा रंगवताना त्यांनी विचारलं, "जना, डोळं जागेवर हाईत का?"

एक डोळा गालावर उतरला होता. मग कळलं, त्यांच्या नजरेचा मधला भाग विझत चालला होता. हे शेवटचंच पुस्तक, हे ठरवूनच त्या आल्या होत्या. मी कला आणि त्याग यांवर बोलू लागलो.

"भाषण मंग कर. आदी ब्रश धू."

मी धुवून आलो तेव्हा चित्र फाडलेलं होतं आणि जनाबाई त्यांना टेकून बसली होती. "पोरीला पाठमोरी करते," बाई म्हणाल्या. मग मोठे कागद, जाड रेषा, आणि मान वाकडी करून कडेच्या नजरेने पाहणं. पुस्तकभर ती मुलगी रानाकडे चाललेली आहे. तिचा चेहरा का दिसत नाही, हे एकाही मुलाने मला विचारलेलं नाही. अस्वल कोण, ते मात्र सगळे विचारतात.

अमेरिकेला परत निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी जनाबाईला समोर बसवलं. डावा हात तिच्या चेहऱ्यावर फिरवत उजव्या हाताने कोळशाने काढत राहिल्या. मी निरोपाचं भाषण खिशातच ठेवलं.

जनाबाईने कागद पाहिला. "एक डोळा खाली गेलाय गो."

बाईंनी अंदाजाने दुसराही खाली ओढला.

"आता रडल्यागत दिसतंय."

बाईंचं बोट अजून तिच्या गालावर होतं. ते ओलं झालं होतं.

"मंग बरोबर हाय," त्या म्हणाल्या.