वच्छलाची मशीन

यवतमाळच्या दवाखान्यात वच्छला माझ्याशी शेवटचं बोलली ते घरादाराचं नाही, माझंही नाही. बायको होती माझी, उभा जन्म सोबत काढला, वाटलं दोन शब्द मायेचे बोलेल. सलाईनचा हात जरासा उचलून तिनं मला जवळ बोलावलं अन् म्हणाली, "अवो, यवतमाळले आलेच हा, तर त्या हापिसात जाऊन याजा. सवितेचं नाव काढलं का, इचारजा." मला राग आला. म्हटलं, "इथं तुया जीव टांगला हाये अन् तुले हापिस सुचून राह्यलं काय व?" ती म्हणाली, "मायावाला जीव डाक्टर पाहून राह्यला. सवितेचं कोण पाह्यते?" ... मी गेलो नाही, तिच्या उशाशीच बसून राहिलो. सकाळी ती गेली. त्याला आता महिना उलटला. लोक भेटायला येतात, बाई सोन्यासारखी होती म्हणतात. सोन्यासारखी नव्हती. हट्टी होती, तोंडानं तिखट होती, अन् त्या हापिसानं तिला कुजवत कुजवत मारली असं मी म्हणतो. डॉक्टर दुसरं म्हणतो. मी चौथी शिकलेला, कापसाच्या जिनिंगात गाठी उचलून म्हातारा झालेला माणूस. मला गोड लिहिता येत नाही.

झरी जामणी तालुक्यात, मुकुटबनच्या अलीकडं आमचं गाव. वच्छलाकडं पायाची शिलाई मशीन होती, तिच्या भावानं दिलेली. ब्लाऊज, झंपर, पोरांचे शाळेचे कपडे, सगळं तिच्यावर शिवायची. गावात रोजगाराचं प्रशिक्षण देणारी कंपनी आली, तेव्हा त्यांचा सर आमच्याच दारात आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्डाचा पट्टा, मधासारखी जीभ. "मावशी, तुम्ही फक्त महिला गोळा करा. प्रशिक्षण फुकट, वरून रोजगाराची हमी." वच्छला घरोघर फिरली. ज्या घरातली सासू नाही म्हणत होती तिथं उंबरठ्यावर ठाण मांडून बसली, "माह्या तोंडाकडं पाहून धाडा," म्हणाली. अन् बाया आल्या. विहाराच्या सभागृहात वर्ग भरला. सगळ्यात आधी येणारी अन् शेवटी जाणारी सविता. शेजारची पोर, नवऱ्यानं टाकलेली, आईच्या घरी परत आलेली. कापूस वेचायचा हंगाम असला की तिच्या हाताला काम, नाहीतर नुसतं बसणं अन् भावजयीचे टोमणे. वच्छलानं तिच्या आईला शब्द दिला होता, "हिच्या पोटापुरतं काम मी लावून देतो."

वर्ग संपला अन् कंपनीच्या मशिनी टेम्पोत चढल्या. बाया पाहत राहिल्या. सर म्हणाला, नोकरी आहे, पण दूर तमिळ मुलखात, कापडाच्या कारखान्यात. कोण धाडते आपली लेकबाळ तिकडं? तेव्हा तो म्हणाला, हरकत नाही, मग घरीच धंदा दाखवू. फोटो काढावा लागेल, बाई मशीनवर बसलेली, मागं शिलाई केंद्राची पाटी. मशीन कोणाजवळ होती? वच्छलाजवळ. मग तीच मशीन बैलबंडीत घातली, एकच पाटी घेतली अन् दारोदार फिरवली. एका घरी फोटो झाला की मशीन पुढच्या घरी. बाया लग्नातली लुगडी नेसून, केसांत फूल माळून वाट पाहत बसलेल्या. मी ओट्यावर बसून म्हटलं, "काय व, मशीनची वरात काढली काय?" तर म्हणते, "हासा. ज्या बाईचा फोटो निघन तिले मशीन भेटन." तिचंच काय, साऱ्या गावाचं तसंच समजणं होतं. घरकुलाच्या वेळी आम्हाला रिकाम्या जागेवर उभं करून फोटो काढला होता, मग घर आलं. आधी फोटो, मग वस्तू, सरकारची हीच रीत आम्हाला ठाऊक. इथं फोटो म्हणजेच शेवट होता, फोटो निघाला की कागदावर बाईला धंदा मिळाला अन् कंपनीचं काम झालं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. सरनं कोणाला सांगितलंही नाही.

ते कळलं पुढं. टाकलेल्या बायांना खरोखरच मशीन द्यायची योजना निघाली. सवितेनं अर्ज केला. उत्तर आलं, तुमचा स्वतःचा शिलाईचा धंदा चालू आहे, तुम्ही योजनेत बसत नाही. दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरून वच्छला यवतमाळच्या हापिसात. मीही सोबत होतो. तिथला बाबू कंप्युटरात पाहून हसला. म्हणाला, "बाई, तुमच्या गावात तर घरोघरी शिलाई केंद्र आहे. मग कपडे शिवून घेते कोण?"

"साहेब, मशीन एकच होती. माहीच. ते घरोघर नेली."

"मग फोटो काढताना बोलायचं होतं ना."

"फोटो काढनारा तुमचाच होता, त्याले इचारा."

"तो आमचा नाही, कंपनीचा. कंपनीचं काम संपलं."

"मंग त्या यादीतून सवितेचं नाव कोण काढन?"

"इथून निघत नाही. वरून निघते."

हे वर कुठं आहे, ते वच्छला शेवटपर्यंत शोधत राहिली. या खिडकीतून त्या खिडकीत. परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून बसायची... मोठमोठ्या पोस्टरवर हसणाऱ्या बाया असतात ना, हाताला काम मिळालं म्हणून, त्या पाहिल्या की माझं डोकं फिरते. त्यातल्या किती जणींच्या पुढची मशीन उधारीची आहे, कोणी जाऊन पाहिलं काय?

मी एकदा वैतागून म्हटलं, "देऊन टाक ना तुही मशीन सवितेले. तुया डोयाले आता दिसत नाही, अन् मिटते झगडा." तशी भडकली. "मी देली का त्यायचं खोटं खरं झालं. पाहा म्हनतीन, बाई शिवून राह्यली. मंग दुसऱ्या गावात बी असंच करतीन." सवितेला तिनं आमच्या ओट्यावर रोज शिवू दिलं, पण मशीन घराबाहेर जाऊ दिली नाही.

ती गेल्यावर सविता ओट्यावर यायची बंद झाली. बाई नसलेल्या घरात एकट्या बाईनं कसं यावं, लोक बोलतात. तिकडं भावजयीचं तोंड सुरूच. मी दोन आठवडे दम धरला. मग मशीन उचलून तिच्या घरी पोचवली. वच्छला असती तर मला उंबरठा ओलांडू दिला नसता, पण हंगाम सरला होता अन् पोरीच्या हाताला काम नव्हतं. भांडण मोठं की पोट मोठं, हे मला ठरवावं लागलं.

परवा सविता आली. दारातच उभी राहिली. "काकाजी, हापिसातून फोन आलता. शिलाईचा धंदा चालू हाये का म्हनून इचारत होते."

"मंग?"

"हो म्हटलं..." मान खाली घालून म्हणाली, "आता खोटं कसं सांगू?"

ती घरी गेली अन् थोड्या वेळानं भिंतीपलीकडून मशीनचा खडखडाट सुरू झाला. तो ऐकत हे लिहिलं. कागद आता खरा झाला, त्याला माझा इलाज नाही. पण वाचणाऱ्यांना ठाऊक असू द्या... आमच्या गावात मशीन एकच होती, अन् ती माझ्या वच्छलाची होती.