गप्प बसण्याचा ठराव

एप्रिल संपत आला तरी गावच्या बेसबॉल संघाला, बगळ्यांना, जिंकायचं कसं ते आठवत नव्हतं, आणि तो राग हिसायो कोबीवर काढत होती. तयार जेवणाच्या त्या छोट्या दुकानात, मागच्या स्वयंपाकघरात, तिची सुरी अशी काही चालली होती की मालकीणबाई दोनदा डोकावून गेल्या. बटाट्याच्या कोरोक्केचा, म्हणजे तळलेल्या कटलेटांचा, पहिला घाणा तर काळपटच निघाला.

"कालही हरले वाटतं," मालकीणबाई म्हणाल्या.

हिसायोने दुसरा कोबी पुढे ओढला. हामासाकी बंदरात त्या सकाळी हे विचारायची गरज कोणालाच नव्हती. येताना मासळीवाल्यानेही टोमणा मारलाच होता, "ताई, यंदा बगळ्यांच्या आधी माझे बांगडेच वर चढतील." तिचा नवरा शिगेओ फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवर बसायचा. त्याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसे, पण हंगाम सुरू झाल्यापासून तो सकाळचा पेपर खेळाचं पान आत जाईल अशा बेताने घडी घालून तिच्यापुढे ठेवायचा. तिला ती घडी उलगडायची असायची आणि त्याला ते ठाऊकही असायचं.

हिसायो अठ्ठावन्न वर्षांची. बगळ्यांच्या मैदानात उजव्या स्टँडमध्ये जे प्रोत्साहन पथक बसतं, त्यात ती ट्रम्पेट वाजवायची. सतराव्या वर्षी शाळेच्या बँडबरोबर उन्हाळी बेसबॉल स्पर्धेला गेली होती तेव्हापासूनचा हा नाद. शाळा पहिल्याच सामन्यात हरली. पण शेवटचा गडी बाद होईपर्यंत ही वाजवत राहिली आणि नंतर दोन दिवस तिला सुजलेल्या ओठांनी नीट जेवता आलं नाही. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, ती मोठी होऊन टोकियोला गेली, सासूबाईंचं आजारपण झालं. ट्रम्पेट कपाटात गेलं आणि परत बाहेर आलं. दंडावरची पथकाची निळी पट्टी गेली वीस वर्षं तिच्याच हाताने धुतली जात होती.

प्रत्येक खेळाडूचं आपलं एक गाणं असतं. तो बॅट घेऊन आला की पथक त्याची चाल वाजवतं आणि सगळा स्टँड शब्द गातो. चाल कोणी बांधली हे तिथे कोणी विचारत नाही. त्सुकुदाची चाल हिसायोची होती. चौदा वर्षांपूर्वी, तांदूळ धुता धुता सुचलेली. तो तेव्हा नवखा, दांडगट पोरगा होता. त्याला एक सवय लागली होती: खेळायला उभं राहण्याआधी बॅट खांद्यावर टाकून उजव्या स्टँडकडे बघायचं, पहिले दोन सूर ऐकायचे, आणि मगच पाय रोवायचे. आता तो अडतीसचा झाला होता, गुडघा दुखरा, आणि यंदा त्याला दुय्यम संघात धाडलं होतं. त्यामुळे ती चाल या हंगामात एकदाही वाजली नव्हती.

बाकीच्यांसाठी मात्र ती रोज घसा कोरडा करत होती, आणि ते? शुक्रवारी तर हद्दच झाली. साधा उंच उडालेला चेंडू, दोन खेळाडू खाली येऊन उभे राहिले, आणि हॉटेलात बिल देताना दोन पाहुण्यांचं व्हावं तसं त्यांचं झालं. तुम्ही घ्या, नाही नाही, तुम्हीच घ्या. चेंडू दोघांच्या मधोमध पडला.

त्या संध्याकाळी स्टँडमागे ढोल गाडीत चढवताना हिसायोच्या डोक्यात तिडीक उठली. "आपण वाजवतो म्हणून हे सुस्तावलेत. एक दिवस गप्प बसू या. एकही सूर नको. मग कळेल."

पथकप्रमुख होरिउची टायरच्या दुकानात कामाला होता, वयाने तिच्या निम्मा. एरवी तो कुठलाही निर्णय तीनदा चघळायचा. पण सगळ्यात जुन्या ताईच म्हणताहेत म्हटल्यावर त्याने लगेच माना मोजल्या. एकही आडवी हलली नाही. रविवारी दुपारच्या सामन्यात पहिल्यापासून शेवटच्या डावापर्यंत वाद्यं पेटीत राहायची, असं ठरलं.

रविवारी ढोल पालथे पडले होते. आजूबाजूच्या प्रेक्षकांना आधी कळेना, मग तेही दबकून गप्प झाले. पहिले दोन डाव हिसायोला बरं वाटलं. बरी खोड मोडली, असं ती मनात म्हणाली. मग चेंडू हातमोज्यात शिरल्याचा आवाज इतका स्पष्ट ऐकू यायला लागला, की तिला कसंतरीच होऊ लागलं. खेळाडू उजवीकडे बघत, मग एकमेकांकडे. खेळ काही सुधारला नाही. उलट चेंडू फेकणाऱ्या त्यांच्या पिचरने एकामागोमाग एक चेंडू बाहेर टाकले आणि बगळे चार धावांनी मागे पडले.

आठव्या डावात घोषणा झाली. बदली फलंदाज, त्सुकुदा.

त्याला त्याच सकाळी परत बोलावून घेतलं होतं. पथकाला पत्ताच नव्हता. तो हळूहळू चालत आला. गुडघा त्याने लपवायचा प्रयत्न केला, पण हिसायोला दिसला. रेषेपाशी येऊन त्याने बॅट खांद्यावर टाकली आणि उजव्या स्टँडकडे पाहिलं.

कोणी हललं नाही. बंदरात फेरीबोटीचा भोंगा वाजला. त्सुकुदा तसाच उभा. पंचाने हाताने खूण केली, तरी क्षणभर तो थांबला. मग मान खाली घालून फलंदाजाच्या चौकटीत शिरला. पहिला चेंडू त्याने नुसता पाहिला. स्ट्राइक. अशा तीन झाल्या की फलंदाज बाद.

हिसायोचे हात पेटीच्या खिट्टीवर होते. होरिउचीने ते पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, नको. तुम्हीच म्हणाला होतात."

तिने पेटी उघडली. ट्रम्पेट थंडगार होतं, ओठ कोरडे. पहिला सूर फुटला, दुसरा कसाबसा लागला. मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याने शब्द उचलले, मग त्याच्या शेजारणीने, मग इकडून तिकडून. पथक खाली बघत बसून राहिलं. त्सुकुदाने वळून पाहिलं नाही. त्याने फक्त पाय पुन्हा नीट रोवले.

दुसरा चेंडू त्याने जोरात मारला. उंच गेला, स्टँडमधले सगळे उठले, आणि कुंपणाच्या बऱ्याच अलीकडे तो आरामात झेलला गेला. बगळे तोही सामना हरले.

गर्दी ओसरल्यावर होरिउची तिच्या शेजारी येऊन बसला. त्याला बोलायला जड जात होतं. पथकाचा नियम सगळ्यांना सारखा, आज ताईंना सोडलं तर उद्या कोणाला काय सांगणार, असं काहीसं तो म्हणत राहिला.

"तू बरोबर बोलतोयस," हिसायो म्हणाली. "गप्प बसायची ही शिक्षा माझ्याच डोक्यातून निघाली. पण त्सुकुदाने काय केलं होतं रे? तो तर इथे नव्हताच."

तिने दंडावरची पट्टी सोडली, नेहमीसारखी चौघडी करून त्याच्या हातात दिली. घरी शिगेओने तिचा उघडा दंड पाहिला. मग त्याने न्हाणीतलं पाणी तापत ठेवलं.

मंगळवारी ती तिकीट काढून साध्या जागेवर बसली, पथकाच्या खूप खाली. मांडीवर जेवणाचा डबा होता. हातांचं काय करायचं तिला कळत नव्हतं. त्सुकुदा या वेळी सुरुवातीपासून खेळणार होता. तो आला, बॅट खांद्यावर टाकली, वर पाहिलं. पथकाने चाल वाजवली. होरिउचीने स्वतः ट्रम्पेट घेतलं होतं, आणि दुसरा सूर त्याने फार लवकर सोडला. तो सूर जरा धरायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"धर, धर," हिसायो पुटपुटली. तिची तीन बोटं डब्याच्या झाकणावर आपोआप दाबली जात होती.

त्सुकुदा तीन चेंडूंत बाद झाला. शेजारचा माणूस उठत वैतागून म्हणाला, हे म्हातारं घोडं कशाला परत आणलं. हिसायोने डबा उघडला, कोरोक्केचा एक तुकडा तोडला, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "अजून दोनदा पाळी येईल त्याची. बसा."