मावशींनी हात परत मिळवला

गाडी शिकवणाऱ्या मावशी शिकणाऱ्यांवर कधी ओरडत नसत. ओरडलं की माणूस ब्रेकऐवजी भलतंच काही दाबतो, हा त्यांचा अनुभव. त्या सकाळी स्टिअरिंगवर निवृत्त मास्तर होते. महिना झाला तरी दुसऱ्या गिअरच्या पुढे जायची त्यांची छाती होत नव्हती. चौकात मावशी ‘उजवीकडे’ म्हणायला गेल्या आणि तोंडातून वेडावाकडा आवाज निघाला. डावा हात मांडीवरून घसरला आणि परक्याचा असल्यासारखा लोंबत राहिला.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. मावशींनी उजव्या हाताने हॉस्पिटलच्या रस्त्याकडे बोट केलं. मग मास्तरांनी तिसराच काय, चौथाही गिअर टाकला.

मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. डॉक्टरांनी मांडीतून बारीक नळी घालून ती ओढून काढली. पडद्यावर वाट मोकळी दिसली, पण हात काही हलेना. डॉक्टर बाहेर येऊन मावशींच्या धाकट्या बहिणीला म्हणाले, “मोठी वाहिनी उघडलीय, पण पुढच्या केसासारख्या वाहिन्यांत रक्त पोचत नाहीये. नळी अजून आतच आहे. तिच्यातून गुठळी विरघळवणारं औषध देता येईल. रक्तस्रावाचा धोका मात्र आहे.”

“ताई शुद्धीवर आहे ना? मग तिलाच विचारा,” बहीण म्हणाली. “डोकं तिचं आहे.”

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. जीभ जड झाली होती, तरी शब्द नीट जुळवून त्या म्हणाल्या, “सोडा औषध.”

दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत रक्त बऱ्याच भागात पोचलेलं दिसलं. थोडा भाग मात्र कायमचा गेला होता. दुपारी अंगठा हलला. मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी तो पुन्हा हलवला.

घरी आल्यावर बहीण त्यांची बटणं लावायला सरसावली. “राहू दे. मी लावते,” त्या म्हणाल्या. चहा पार गार झाला, बहीण दारात चुळबुळत उभी राहिली, पण शेवटचं बटणही मावशींनीच लावलं. ओला टॉवेल पिळायचा, चिमटे दोरीवर लावायचे, काढायचे, परत लावायचे. कंटाळा आला की हातालाच दम भरायचा.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्या पुन्हा शिकवायला लागल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र वळत नाहीत. कुणी विचारलं की सांगतात, “ती दोघं संपावर गेलीत. बाकीच्यांनी काम वाटून घेतलंय.” दमल्या की बोलणं अडखळतं, म्हणून दुपारनंतर त्या कुणाला घेत नाहीत.