पांढऱ्या लुगड्याची चिंधी

त्या हिवाळ्यात मी उत्तरेकडच्या एका उंच पोस्टवर अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर होतो. पोस्टचं नाव सांगणार नाही. न सांगायची सवय लागली ती लागलीच. घरी आमचा जिल्हा नुकताच तुटला होता. युनिटात भंडाऱ्याचे म्हणून आम्ही पाच जण होतो, त्यातले तिघं एका फटक्यात गोंदियाचे झाले. उरलो दोघं. मी बपेऱ्याकडचा आणि नाईक धनराज मेश्राम लाखांदूरकडचा. तो माझा सीनियर.

पहाटे गाड्यांपाशी फॉल-इन व्हायचं. हात बधिर, नाक वाहतंय, आणि चहा मिळायच्या आधी धनराजला तेल दाखवायचं. गाडी सपाट जागी, इंजिन बंद. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, ओढायची, पुसायची, पूर्ण आत घालायची आणि पुन्हा ओढायची. चालत्या इंजिनात तेल उडून पट्टीभर लागतं, म्हणून पहिल्या खेपेवर विश्वास ठेवायचा नाही. कोणी न पुसताच "ओके" म्हटलं की हा पेटलाच. "काहून बे, सासऱ्याची गाडी आहे काय? पुस पहिले!"

तेल दोन खुणांच्या मधे आहे का ते बघायचं. बोटांत चोळून कचकच लागते का बघायचं. मग पट्टी पुसलेली चिंधी उजेडात धरायची. बाकीचे जुन्या खाकी कपड्यांनी पुसत. धनराजची चिंधी पांढरी असे आणि ती घरून येई. त्याची माय बुद्धपौर्णिमेला विहारात पांढरं लुगडं नेसून जायची. ते विरलं की धुऊन, फाडून, घडी घालून पोराच्या ट्रंकेत ठेवायची. "लोकाईची माय चिवडा देते, मेश्रामची माय चिंध्या देते," असं मी चिडवायचो. तो म्हणायचा, "चिवड्यानं तेल दिसते काय रे?"

एके दिवशी आमच्या एका हवालदाराच्या फुफ्फुसात पाणी झालं. त्या उंचीवर असं होतं. त्याला एकच उपाय, माणूस खाली न्यायचा, तोही लवकर. डॉक्टर साहेबांनी सांगितलं, "दुपारच्या आत हॉस्पिटल. उशीर झाला तर मी काही करू शकणार नाही." हवालदार स्ट्रेचरवर, त्याच्याजवळ ऑक्सिजन घेऊन नर्सिंग असिस्टंट, गाडीवर मी. मागून धनराज रिकामे बॅरल भरलेला ट्रक घेऊन येत होता.

अर्ध्या वाटेवर माझ्या इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायला लागला. एका वळणापाशी थोडी सपाट जागा होती, तिथे थांबलो आणि पाण्याचा कॅन घेऊन उडी मारली. धनराज मागून धावत आला.

"पाणी ओतू नोको. इंजिन बंद कर अन् थांब."

"पेशंट आहे ना गा आत!"

"मले दिसून राहिला. थांब म्हटलं ना."

तेल खाली उतरेपर्यंत आम्ही थांबलो. हवालदाराचा श्वास बाहेर ऐकू येत होता, शिजत्या भाताच्या पातेल्यासारखा. मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू? धनराजनं पट्टी ओढली, पुसली, घातली, पुन्हा ओढली. मग चिंधीवर पुसून माझ्यासमोर धरली.

"पाह्य. चायवाणी झालं."

दूध घातलेल्या चहाचा रंग. इंजिनातलं पाणी तेलात शिरलं होतं. अशा तेलावर गाडी पुढच्या खिंडीच्या चढावर जाम झाली असती आणि हवालदार तिथेच गेला असता. धनराजनं वायरलेस सेट हातात घेतला.

"कंट्रोल, अ‍ॅम्ब्युलन्स ऑफ रोड, चलेगी नहीं. इंजिन ऑइल में पानी. ओव्हर."

पलीकडून हुकूम आला, "पेशंट दूसरी गाडी में. एक ड्रायव्हर गाडी पर रहेगा. ओव्हर."

"रॉजर. आऊट."

गाडी माझी होती, तेव्हा राहायचं मी. मी तसं म्हणालोही.

"तुले इंजिन खोलता येते काय?" धनराजनं विचारलं.

"नाई."

"मंग कायले बोलून राहिला? उचल स्ट्रेचर."

बॅरल उतरवले, हवालदाराला ट्रकमधे घेतलं. मी स्टिअरिंगवर बसलो तर या बाबानं ट्रकचं बॉनेट उघडलेलं. तेवढ्या घाईतही त्यानं स्वतःच्या ट्रकचं तेल बघितलं आणि त्याच चिंधीच्या दुसऱ्या टोकाला पट्टी पुसली. काळसर, एकसारखा डाग. चिंधी डॅशबोर्डवर टाकून तो म्हणाला, "चांगलं आहे. उतारावर गिअरातच ठेवजो."

दुपारच्या आत हॉस्पिटल गाठलं. हवालदार वाचला. मी चहाचा मग हातात घेतला होता, तेव्हा सेटवर खबर आली. त्या वळणावर बर्फाचा कडा सुटला होता.

धनराज बर्फाखाली सापडला तेव्हा गाडीचं रेडिएटर रिकामं होतं. पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं. मला आजही याचा राग येतो. अरे, मरू द्यायची होती गाडी! पण तो धनराज होता, त्याच्या हातून ते झालं नसतं.

सुट्टीवर गेलो तेव्हा त्याच्या घरी गेलो. दाराशी माय बसली होती. गावातला कोणीतरी बोलून गेला होता की गाडी बिघडली म्हणून मेला, लक्ष दिलं नसन. ते तिच्या जिवाला लागलं होतं. पाणी देण्याआधी तिनं तेच विचारलं.

"माह्या पोरानं गाडी पाह्यली नव्हती काय, बापू?"

मी खिशातून चिंधी काढली. लुगड्याचा काठ तिनं ओळखला. मी चहाच्या रंगाच्या डागावर बोट ठेवलं. "ही बिघडलेली गाडी माझी होती, माय. धनराजनं पाह्यलं म्हणून समजलं." मग दुसऱ्या टोकावर बोट ठेवलं. "अन् ही त्याची. ही त्यानं मले देली."

ती किती वेळ त्या काळ्या डागावरून अंगठा फिरवत होती. मग चिंधी घडी करून तिनं पदरात बांधली आणि मोठ्यानं रडली. शेजारपाजारचे जमले. त्यांना तिनंच सांगितलं, "माह्या पोरानं पाह्यली होती गाडी."

आता मी रिटायर आहे, एक जुनी गाडी आहे. दर बुद्धपौर्णिमेला धनराजच्या मायला भंडाऱ्याच्या विहारात नेतो. निघायच्या आधी ती पांढऱ्या लुगड्याची नवी चिंधी माझ्या हातात देते. मी पट्टी ओढतो, पुसतो, घालतो, पुन्हा ओढतो. ती पदराची गाठ सोडते आणि माझा डाग धनराजच्या काळ्या डागाशेजारी धरून बघते.

"जुळला," म्हणते, आणि मग गाडीत बसते.