दारातल्या उजेडातला फोटो

सेलूला कापूस बाजारामागं एका खोलीत एक फोटोवाला बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. तीन पायांवर उभा जुना कॅमेरा, एक स्टूल आणि दोरीवर पांढरं धोतर, एवढाच त्याचा स्टुडिओ. दिवा एकही नव्हता.

ऐंशी सालाच्या आसपास मी धाकट्या बहिणीला, शांताला, स्थळांना दाखवायच्या फोटोसाठी त्याच्याकडं नेलं. तिच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. परभणीच्या एका स्टुडिओनं ते कुंचल्यानं पार पुसले होते. तो फोटो पसंत करून आलेली माणसं तिला बघून उठून गेली.

ह्यानं तिला दारात बसवलं. उजेडात स्वतःचा तळहात धरून सावली बघितली, स्टूल सरकवलं, धोतर ओढून घेतलं.

"ताई, व्रण झाकायचे का दाखवायचे?"

मी बोलायच्या आत शांता म्हणाली, "दिसू द्या. लग्नानंतर दिसणारच हायत."

तो ढग यायची वाट बघत उभा राहिला.

फोटोत व्रण होते, पण आधी तिचे डोळे दिसत. कसं जमवलं, असं मी विचारलं.

"ऊन थेट आलं की टोचतंय. ढगाआडनं, धोतराला लागून आलं की नरम पडतंय," तो म्हणाला.

सोनपेठची माणसं आली. मुलाच्या आईनं फोटो बघितला, मग शांताला बघितलं.

"फोटोतलीच हाय की," ती म्हणाली आणि तारखेचं बोलायला लागली.

मी पेढे घेऊन गेलो. फोटोवाल्यानं पेढा तोंडात टाकला, आभाळाकडं बघितलं.

"उजेड लय चांगला हाय आज," तो म्हणाला. "नवरदेवाला का न्हाई आणलं?"