शालनबाईंच्या रजिस्टरातले गुरुवार

रहाटणीच्या शालनबाईंनी अठरा वर्षं लोकांच्या घरी जाऊन आजारी, म्हाताऱ्या माणसांना सांभाळलं. कूस बदलायची, गोळ्या द्यायच्या, पाठ पुसायची, आणि पेशंटनं ताट ढकललं की "बरं, मग मीच खाते," म्हणून त्याच्यासमोर घास उचलायचा. निम्मे पेशंट तेवढ्यानं जेवायला लागत.

हे काम त्यांना शिकवलं कौशल्याबाई नावाच्या निवृत्त सिस्टरनं. बाई कडक. त्यांचा एकच नियम होता, "निरोप पेशंटच्या समोर द्यायचा. स्वयंपाकघरात कुजबुज चालणार नाही." म्हणजे सकाळी आठला आणि रात्री आठला ड्युटी बदलली, की जाणारीनं पलंगाशी उभं राहून दिवसभराचं सगळं मोठ्यानं सांगायचं, पेशंटला ऐकू जाईल असं. चुकलं तर तो टोकेल.

पुढं शालनबाईंच्या हाताखाली सात जणी तयार झाल्या आणि निरोप मोबाइलवर आला. पलंगाशी उभं राहून बोलायचं, रेकॉर्ड करायचं, ग्रुपवर टाकायचं. टोकायला सगळ्यात पुढं पिंपळे सौदागरचे दादासाहेब. पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती, पण एक शब्द मात्र खणखणीत शाबूत राहिला होता: "खोटं!"

सगळं सुरळीत चाललं होतं. मग दादासाहेबांच्या सोसायटीनं नोटीस लावली: एक तारखेपासून पेशंट सांभाळायला फक्त परवाना असलेल्या संस्थेचीच माणसं. बाकीच्यांना गेटवर एंट्री बंद. आठवड्याभरात शेजारच्या तीन सोसायट्यांनी तीच नोटीस चिकटवली. शालनबाईंच्या सातातल्या पाच जणी याच चार गेटांतून कामाला जात होत्या.

शालनबाईंनी परवान्याचा अर्ज भरला. सातही जणींची आणि घरच्यांचीही पोलीस पडताळणी झाली, ऑफिस म्हणून बाहेरच्या खोलीत टेबल आलं, संस्थेच्या नर्स म्हणून कौशल्याबाईंनी अर्जावर सही केली. "सही करते, पण माझं नाव खराब केलंस तर याद राख." राहिली फक्त घरी येऊन होणारी तपासणी, आणि वर्षभराचं ड्युटीचं रजिस्टर.

"रजिस्टर कुठंय आपल्याकडं?" शालनबाई हबकल्या. "आपलं सगळं तोंडी."

त्यांचे यजमान ज्ञानदेव, महाळुंग्याच्या एका कंपनीत बावीस वर्षं क्वालिटीला. त्यांची कळी खुलली. "अगं, ऑडिट म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! ऑडिटच्या आधी रजिस्टर भरायचं असतं. तू निवांत चहा कर."

सुट्टीच्या दिवशी नाश्ता करून ते जे बसले ते दिवेलागणीलाच उठले. अक्षर मोत्यासारखं, रकाने पट्टीनं आखलेले. शालनबाईंनी वरवर चाळलं आणि त्यांना भरून आलं. आपल्या कामासाठी हा माणूस दिवसभर मान वर न करता लिहीत बसला, याचंच अप्रूप.

सोमवारी तपासणीच्या मॅडम आल्या. ज्ञानदेव फर्स्ट शिफ्टला गेलेले. मॅडमनी चहा नको म्हटला, पाणीही नको म्हटलं आणि रजिस्टर उघडलं.

"हे दादासाहेब कोण?"

"पेशंट आहेत, मॅडम. पक्षाघाताचे."

"यांच्यापुढं रोज शेरा आहे, 'ओके'. तीन पाळ्या, तीन वेळा ओके."

"हो मॅडम," शालनबाई म्हणाल्या खऱ्या. त्यांच्याकडं पाळ्या दोनच होत्या.

"आणि दर गुरुवारी इथं तांबड्या शाईनं 'साप्ताहिक सुट्टी'." मॅडमनी पानं उलटत नेली. "गुरुवार. गुरुवार. हाही गुरुवार. मला एक सांगा ताई, गुरुवारी या माणसाला कुशीवर कोण वळवतं? का गुरुवारी ते आपले आपण उठून बसतात?"

आता शालनबाईंच्या लक्षात आलं. चाकणपासून भोसरीपर्यंत कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. ज्ञानदेवांनी सवयीनं सगळ्या आजाऱ्यांना वर्षभर गुरुवारची सुट्टी देऊन टाकली होती!

सारवासारव करता आली असती. पण डोळ्यांपुढं कौशल्याबाईंची सही आली, आणि कानात दादासाहेब ओरडले.

"मॅडम, हे रजिस्टर खोटं आहे," शालनबाई म्हणाल्या. "माझ्या मिस्टरांनी एका दिवसात लिहिलंय, आणि मी न वाचता तुमच्यापुढं ठेवलं. चूक माझी. खरं आहे ते यात आहे." आणि त्यांनी मोबाइल पुढं केला.

मॅडमनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "लावा. गुरुवारचंच लावा."

पहिला आवाज अंबूबाईचा, ती मूळची चिखलीची, दादासाहेबांच्या पलंगाशी उभी. "शालनताई, आमी निघालो बरं का. म्हाताऱ्यानं गोळ्या घेतल्यात. दूध बी प्यालंय गिलासभर."

मागून आवाज आला, "खोटं!"

"बरं बाबा, अर्धा गिलास! काय मानूस म्हनायचा, आजारी हाय का फौजदार!"

पुढच्या गुरुवारचा योगिनीचा, ती परभणीकडची. "ताई, आजोबा रुसून बसलेत. वरणात मीठ न्हाई म्हणायलेत. काय करावं काही कळेना गेलंय. पाठ बघितली, लाल झाली न्हाई कुठं."

मॅडमनी एक ऐकला, दोन ऐकले, आणि पाचव्या "खोटं!"ला त्यांना हसू आवरेना. मग सावरून म्हणाल्या, "ताई, हे रजिस्टर मी पाहिलंच नाही, असं होणार नाही. ते फेटाळलं असंच लिहिते. पण तुमच्याकडं हे जे आहे, ते तारीखवार कागदावर आणा. आठ दिवस देते. आणि आता पाणी द्या."

संध्याकाळी ज्ञानदेव घरी आले. सगळं ऐकून आधी म्हणाले, "सुट्टी तांबड्यानंच लिहितात गं," आणि मग खाली बसले. "माझ्यामुळं सात जणींचं काम जाणार होतं."

"जाणार होतं. आता लिहायला बसा," शालनबाई म्हणाल्या. "ऐकू येईल तेवढंच लिहायचं. ओके लिहिलंत तर बघा."

आठ दिवस शिफ्टवरून आले की ज्ञानदेव कानाला मोबाइल लावून लिहीत होते. अंबूबाईचं अंबूबाईच्या शब्दांत, योगिनीचं योगिनीच्या. अंबूबाईला लिहिता येत नाही. ती शेजारी बसून स्वतःचाच आवाज ऐकायची. "अगं बया, म्या अशी बोलती?"

सहाव्या दिवशी शालनबाईंचाच एक निरोप आला, जानेवारीतल्या गुरुवारचा. "आज दादासाहेबांनी डाव्या हातात चमचा धरला. तीन घास आपल्या हातानं खाल्ले."

"खोटं! च... चार!"

ज्ञानदेवांचं पेन थांबलं. "ह्या गुरुवारी मी रुसलो होतो ना गं? सुट्टीच्या दिवशी तू घरात नाहीस म्हणून?"

"जेवला नव्हतात. वरण गरम करायचं होतं फक्त."

ज्ञानदेवांनी रकान्यात 'चार' लिहिलं आणि खाली रेघ ओढली. मग म्हणाले, "अठरा वर्षं तू कामाला जातेस एवढंच मला माहीत होतं. काय करतेस ते आज कळलं."

परवाना एक तारखेच्या दोन दिवस आधी मिळाला. शालनबाई तो घेऊन आधी कौशल्याबाईंकडं गेल्या, पाया पडल्या. बाईंनी कागद उलटासुलटा करून बघितला. "फ्रेम कर. आणि माजू नकोस." मग सातही जणींना पेढा. तपासणीच्या मॅडमना काही देता येत नाही, म्हणून मनातल्या मनात शंभरदा धन्यवाद.

एक तारीख आली ती नेमकी गुरुवारी. अंबूबाई तापानं पडलेली. शालनबाई पिशवी उचलतायत तोवर ज्ञानदेवांनी चप्पल घातली. "तू आज टेबलावर बस, मालकीणबाई. मला सुट्टी आहे."

गेटवर संस्थेच्या नावानं त्यांची एंट्री झाली. रात्री आठला ग्रुपवर निरोप आला, ज्ञानदेवांचा, छाती काढून दिलेला. "दादासाहेब जेवले. औषध झालं. कूस चार वेळा बदलली. बाकी सगळं ओके."

मागून खणखणीत आवाज आला, "खोटं! तीन!"

शालनबाईंनी नवं रजिस्टर उघडलं, गुरुवारची तारीख घातली आणि लिहिलं, 'तीन'.