कात्रीमावशीचे अठ्ठ्याण्णव दिवस

परत आलेल्या मालाची आमची खोली दुकानाच्या तळघरात. खिडकी नाही, आणि माल चोरीला जाऊ नये म्हणून दाराला बाहेरून कुलूप. म्हणजे चोर आम्हीच! सुपरवायझर उघडणार तो जेवणाच्या सुट्टीला, नाहीतर थेट संध्याकाळी. आत आम्ही दोघी, मी आणि कात्रीमावशी.

टूथब्रश, बॅटऱ्या, टॉर्च, सगळं कडक प्लास्टिकच्या पॅकिंगमधून सोडवायचं, तपासायचं आणि फळीवर ठेवायचं. मावशी अकरा वर्षं हेच करत होती. पाकीट टेबलावर आडवं, डाव्या हातात जाड हातमोजा, बोथट टोकाची कात्री, आणि कडेकडेने तीन बाजू कापायच्या. ब्लेड तर तिला खपायचंच नाही. "ब्लेड सटकलं की आधी तुझ्याच अंगावर येतं, बये. आणि कापलेली कड उघड्या हाताने फाकवायची नाही, ती कात्रीपेक्षा वाईट." दिवसातून दहादा तेच. कान किटले होते माझे.

भिंतीवर फळा होता: जखमेविना किती दिवस. शंभर भरले की मावशीला वर काउंटरवर बसवतो, असा सुपरवायझरचा शब्द होता. वर मोठाल्या काचा, रस्ता दिसायचा. मावशीला दुसरं काही सुचत नव्हतं. फळ्यावरचा आकडा रोज बदलायचं काम माझं.

नव्वदी ओलांडली तशी तिने हाताला लावायच्या क्रीमची ट्यूब आणली. "हे असले खरखरीत हात बघून गिऱ्हाईक पळेल की!" असं म्हणत बोटं चोळत बसायची. मला काही हसू यायचं नाही. ती वर गेली की त्या कुलपाआड मी एकटी.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी क्रीम पुसलं जाऊ नये म्हणून तिने हातमोजाच घातला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा! एका पाकिटाची कापलेली कड धरली, बोटं सटकली आणि तळवा उभा चिरला गेला. तिने फडकं गच्च आवळलं, वरून हातमोजा चढवला. "लिहू नकोस गं. दोनच दिवस राहिलेत."

"मी कशाला लिहू, मावशी?" मी म्हटलं.

संध्याकाळी कुलूप निघालं. सुपरवायझर दारात उभा असतानाच मी अठ्ठ्याण्णव पुसून शून्य लिहिलं. नियम म्हणजे नियम, असं सगळ्यांना सांगितलं. खोटं होतं ते. मला तिथे एकटीला राहायचं नव्हतं, बाकी काही नाही. मावशी फळ्याकडे बघत राहिली, मग पिशवी उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधून ती वेळेवर हजर. बाहेरून कुलूप लागलं. आता ही माझा उद्धार करणार, म्हणून मी मान खाली घालून बसले. तिने पट्टीवर हातमोजा चढवला आणि क्रीमची ट्यूब माझ्यासमोर ठेवली.

"घे. तुझे हात फुटलेत."

मला वर बघवेना.

"घरी गेल्यावर लाव," ती म्हणाली, "इथे नको. हात सटकतो."